काळ्या मातीत विटांची किनार: सिमेंटमध्ये बसवायची की कोरडी?

बागवेडी_संगमनेर

नमस्कार मंडळी. संगमनेरजवळ घर बांधून झालंय, रंगकाम उरकलंय, आता अंगणाची पाळी. पुढच्या बाजूला साधारण ४० बाय २५ फूट जागा आहे. मधोमध हिरवळ, तिच्या दोन बाजूंना फुलझाडांचे वाफे, फाटकापासून पायरीपर्यंत ३ फुटी पायवाट आणि कोपऱ्यात एक आंबा, एवढं ठरलंय. या सगळ्याला विटांची किनार करायची आहे. प्लास्टिकची हिरवी पट्टी नको, काँक्रीटचे कर्बस्टोनही नकोत. लाल वीटच हवी.

अडचण एकच, जमीन पक्की काळी आहे. ३ फूट खणलं तरी काळीच. मे महिन्यात पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात. आमचे गवंडीमामा म्हणतात, "ताई, खाली ४ इंच पीसीसी, म्हणजे साधं बिनसळईचं काँक्रीट मारू, वर १:४ च्या सिमेंट-वाळूच्या मालात विटा बसवू, जन्माचं काम होऊन जाईल." पण आमच्याच आळीत एका बंगल्यात अगदी हेच केलंय, आणि दोन पावसाळ्यांत ती किनार जागोजागी तडकलीय, एके ठिकाणी तर चांगली वर आलीय. "तिथला गवंडी कच्चा होता" असं मामांचं म्हणणं.

तर सिमेंट की कोरडी? वीट उभी लावायची, आडवी की तिरकी? किती खोल? आणि विटा किती मागवू? कोणी केलं असेल तर सविस्तर लिहा.

आळेफाट्याचा_माळी

वाचतोय. मलाही हेच करायचंय.

जुना_ओव्हरसियर

ताई, तुमच्या गवंड्याचा माल चांगलाच असेल. दोष जमिनीचा आहे, आणि तो दोष म्हणण्यापेक्षा स्वभाव आहे. काळ्या मातीतल्या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असतं. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की माती फुगते, सुकली की आक्रसते. तुमच्या मे महिन्यातल्या भेगा तेच सांगताहेत. ज्या जमिनीत घराच्या पायाची काळजी घ्यावी लागते, तिच्यावर ४ इंचांचं पीसीसी काय तग धरणार?

यावर उपाय नाही असं नाही. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी कालव्यांच्या अस्तरासाठी न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा थर द्यायची पद्धत बसवली, तिला सीएनएस थर म्हणतात. पण तो थर मीटरभर जाडीचा लागतो. गुलाबाच्या वाफ्याभोवती कोण मीटरभर मुरूम भरणार? म्हणून माती हलणार हे धरूनच किनार करायची.

सिमेंटमधली किनार ही एक लांबच लांब कडक पट्टी असते. खालची जमीन एका जागी अर्धा इंच उचलली गेली की तडकण्यावाचून तिला गत्यंतर नाही, आणि मग दुरुस्ती म्हणजे फोडाफोडी. कोरड्या बसवलेल्या विटा सुट्या राहतात. एखादी वर आली तर उपटायची, खालची थोडी कच खरवडायची, परत ठोकून बसवायची. दिवाळीच्या साफसफाईबरोबर होणारं काम आहे ते.

पद्धत सांगतो. वीट ९ × ४ × ३ इंचाची धरतो, आपल्याकडे भट्टीवर साधारण तीच मिळते.

आधी आखणी. सरळ रेषेला खुंट्या आणि लाइनदोरी. वळणाला पाण्याचा नळीपाइप जमिनीवर टाकून हवी तशी वळवा, गच्चीवर जाऊन बघा, पटली की कडेने फक्की मारा. पाइप उन्हात तासभर ठेवून मग टाका, नाहीतर तो आपल्या वेटोळ्याचाच आकार धरून बसतो.

मग चर. उभ्या विटेसाठी १० इंच खोल, ७-८ इंच रुंद. तळाला ३ इंच मुरूम, पाणी शिंपडून धुम्मसने चांगला ठोकायचा. त्यावर दीड इंच कच, क्रशरची, ६ एमएमच्या आतली. नदीची गोल वाळू नको. कचेचे दाणे कोनदार असतात, एकमेकांत अडकून बसतात, वाळू सरकते. आता वीट उभी केली की साडेपाच इंच जमिनीत आणि साडेतीन इंच वर राहते. वाफ्याला एवढी उंची पुरते. वरून रबरी हातोडीने ठोका, लेव्हलपट्टी लावा, पुढची वीट घ्या. दोन्ही अंगांना मुरूम-माती भरून पहारीच्या बोथट टोकाने कुटा. शेवटी दरजांमध्ये कोरडी कच झाडूने सारा.

दोन गोष्टी गवंडी हमखास विसरतात. पहिली, चराच्या तळाला उतार. काळ्या मातीत मुरमाने भरलेला चर म्हणजे आपण स्वतःच खणलेलं गटार. सगळं पाणी तिथे उतरणार, आणि तळ सपाट असेल तर तिथेच मुरणार, तीच माती फुगणार. तळाला १० फुटाला दोन-अडीच इंच उतार द्या आणि खालच्या टोकाला पाणी बाहेर काढा. शोषखड्डा असला तर उत्तम, नाहीतर केळीचं आळं.

दुसरी, टोकाची वीट. रांग जिथे संपते तिथली वीट पहिल्यांदा कलते, मग शेजारची. त्या एका विटेपुरतं घमेलंभर काँक्रीट वापरलं तर माझी हरकत नाही.

कोरड्या कामाला विटा भिजवायची गरज नाही. भिजवतात ते मालासाठी, विटेने मालातलं पाणी ओढून घेऊ नये म्हणून.

बागवेडी_संगमनेर

काका, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "कोरडी किनार म्हणजे पोरांनी लाथ मारली की आडवी." काय सांगू त्यांना?

जुना_ओव्हरसियर

सांगा की साडेपाच इंच गाडलेली आणि दोन्हीकडून कुटलेली वीट लाथेने पडत नाही, लाथ मारणाराच बसतो खाली. पडते ती नुसती २ इंच मातीत खोचलेली.

हरळीची_वैरीण

सगळे विटेबद्दल बोलताहेत, गवताबद्दल कोणीच नाही! किनार शोभेला असतेच, पण तिचं खरं काम हिरवळीला वाफ्यात न येऊ देणं हे आहे. ताई, हिरवळ कुठली लावणार त्यावर खोली ठरते.

"सिलेक्शन वन" म्हणून नर्सरीत मिळते ती आपल्या हरळीच्याच घराण्यातली. ही मंडळी वरूनही धावतात आणि जमिनीखालूनही. वरची दोरी विटेवरून ओलांडताना दिसते, कात्रीने कापता येते. खालची दिसत नाही, ती विटांच्या फटीतून शिरते आणि महिन्याभराने शेवंतीच्या बुंध्यात डोकं काढते. म्हणून विटा एकमेकींना अगदी चिकटवून, आणि गाडलेला भाग निदान ५-६ इंच. वीट आडवी, नुसती मातीवर ठेवलेली असेल तर हरळीला ती आहे की नाही हेही कळत नाही. मेक्सिकन म्हणून मिळतं ते गवत सावकाश पसरतं, तिथे एवढा त्रास नाही.

लव्हाळ्याला मात्र वीट, सिमेंट, कशाचाच धाक नाही. त्याच्या गाठी खोल असतात. तो आधी खणून, गाठी वेचून काढा, मग किनारीला हात घाला. किनार झाल्यावर विटेखालचा लव्हाळा काढणं म्हणजे विटाच काढणं.

चराच्या वाफ्याकडच्या अंगाला जाड प्लास्टिकचा कागद उभा लावला तर हरळी आणखी अडते. पण तळाला कागद पसरू नका, पाणी तुंबेल.

मेंढीकोट

चार विटा लावायला एवढी पीएचडी? आमच्या आजोबांनी विटा मातीत तिरक्या खोचल्या होत्या, अजून आहेत.

तिरकी_वीट

मेंढीकोट, आजोबांची जमीन कुठली होती तेही सांगा ना. मुरमाड असेल तर खोचलेलीही टिकते.

बाकी तिरक्या विटेचा विषय काढलात ते बरं झालं. जिल्हा परिषदेची शाळा, एसटी स्टँडमधली बाग, सरकारी विश्रामगृह, सगळीकडे करवतीच्या दातांसारख्या तिरक्या विटांची रांग, एक गेरूने लाल, एक चुन्याने पांढरी. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आधी ती रंगवायची, हे आमच्या वर्गाचं काम असायचं. माझ्या अंगणात मी तीच केलीय, हौस म्हणून. टिकण्याच्या दृष्टीने तिचा एक फायदा खरा आहे. प्रत्येक वीट शेजारणीवर रेललेली असते, त्यामुळे जमीन थोडी खालीवर झाली तरी रांग वेडीवाकडी दिसत नाही. दात मुळातच खालीवर असतात ना! तोटा असा की मशीनने गवत कापताना दातांच्या बेचक्यांतलं गवत राहतं आणि ते हातानेच कापावं लागतं. शिवाय लहान मूल पडलं तर तो कोपरा लागतो. तेव्हा वाफ्याला तिरकी चालेल, हिरवळीला नको, खेळायच्या जागेला तर नकोच.

रंगवायची असेल तर गेरू आणि चुनाच. ऑइलपेंट लावलेल्या विटेत जमिनीतला ओलावा कोंडतो आणि पापुद्रे सुटतात. चुना दरवर्षी मारावा लागतो, पण सोलत नाही.

विटा किती लागतील ते कोणी सांगितलं नाही म्हणून हिशोब देतो. १० फूट लांबीला: उभी वीट, ३ इंची बाजू रांगेच्या दिशेने ठेवली तर ४० विटा. तीच उभी, पण ४ इंची बाजू रांगेच्या दिशेने, तर ३०. ४५ अंशांत तिरकी, २८ ते २९. लांबीत आडवी, १३ ते १४. वर शंभराला दहा जास्त मागवा, उतरवताना फुटतात आणि कोपऱ्यांना कापाव्या लागतात. फुटलेले तुकडे वाया जात नाहीत, कुंड्यांच्या तळाला घालता येतात.

बागवेडी_संगमनेर

बाप रे, म्हणजे उभी लावली तर आडवीच्या तिप्पट विटा! माझी एकूण किनार १५० फुटांच्या आसपास आहे. सगळीकडे उभी परवडेल का बघावं लागेल.

जुना_ओव्हरसियर

सगळीकडे उभी हवीच कशाला? जागा पाहून ठरवा.

वाफ्याला उभी, मातीची भर अडवायची असते म्हणून. ३ इंची बाजू रांगेत घेतली तर वळणही छान येतं, ९ इंची बाजू वळणावर घेतली की बाहेरच्या अंगाला पाचरीसारख्या फटी पडतात.

पायवाटेला वर उचललेली किनार मुळीच करू नका. पाणी वाटेवरच अडेल आणि अंधारात पाय अडखळेल. तिथे ४ इंची बाजू रांगेत घेऊन वीट उभी गाडा, तोंड वाटेच्या पातळीला. तिचं काम वाटेचा मुरूम किंवा विटा बाजूला सरकू न देणं एवढंच. वाटेला एका बाजूला फुटाला पाव इंच उतार.

हिरवळीला वीट चौड्यावर आडवी, पण रांगेच्या दिशेशी काटकोनात. म्हणजे ९ इंच रुंदीची पट्टी होते. तिचा माथा हिरवळीच्या मातीच्या पातळीला. मशीनचं एक चाक विटेवरून चालतं आणि कडेचं गवत आपोआप कापलं जातं. वीट अर्धा इंच जरी वर राहिली तरी पातं आपटतं, ठिणग्या उडतात. नवी हिरवळ बसून माती अर्धा-पाऊण इंच दबते हे धरून पातळी घ्या. या आडव्या पट्टीने हरळीची खालची वाट अडत नाही हे खरं, म्हणून वैरीणताईंनी सांगितलेला कागद इथे लावा.

सेंटरिंगवाला

काका, तुमचा मान राखून लिहितो. मी ठेकेदारी करतो, सिमेंट सरसकट वाईट नाही. गाडी वळते तिथली किनार कोरडी ठेवून दाखवा. टायरचा आडवा दाब आला की विटा पंधरवड्यात तिरक्या होतात. आम्ही तिथे विटेच्या मागच्या अंगाला काँक्रीटचा उतरता टेकू देतो. विटेच्या अर्ध्या उंचीपर्यंतच, म्हणजे वरून माती घातली की दिसत नाही आणि गवतही येतं.

आणि किनार वर ये-खाली जा करते त्याचं खापर दरवेळी मातीवर फोडू नका. निम्म्या ठिकाणी चर ठोकलेलाच नसतो. भरावाच्या मातीवर किनार बांधतात आणि भराव बसला की म्हणतात काळी माती.

जुना_ओव्हरसियर

ठोकण्याबद्दल शंभर टक्के मान्य. गाडीच्या वळणाबद्दलही मान्य, फक्त तो टेकू सलग ओतू नका. दर ८-१० फुटाला थर्माकोलची पट्टी घालून तोडा, म्हणजे तडकायचं असेल तर ते तुम्ही ठरवलेल्या जागी तडकेल. आणि टेकूखाली मुरूम हवाच.

चिरेखाणीशेजारी

रत्नागिरीहून. आमच्याकडे तुमच्यासारखी काळ्या मातीची डोकेदुखी नाही, तांबडी माती, खाली कातळ. पण पाऊस वर्षाला ३००० मिमीच्या वर. इथे विटेची किनार मी तरी कोणाला सुचवत नाही. जून ते सप्टेंबर वीट सुकतच नाही, शेवाळ धरते, पायवाटेला असेल तर घसरगुंडी. आणि वीट घाटावरून आणायची, तिचं भाडंच विटेएवढं. दाराशी चिरा असताना कशाला ते?

चिऱ्याच्या खाणीवर कोपरे उडालेले, तुटके चिरे स्वस्तात मिळतात. चिरा नुकता काढलेला असताना मऊ असतो, तेव्हाच कुऱ्हाडीने हवा तसा तासून घ्यावा. उघड्यावर वारा-ऊन लागलं की कडक होतो. दोन तुकडे करून उभे गाडले की किनार झाली, वजनामुळे हलतही नाहीत.

घाटावरच्या लोकांना एकच सांगणं. वाफ्याची किनार वर काढलीत की तुम्ही बांध घातलात. उताराच्या बाजूला दर ४-५ फुटांवर पाणी जायला फट ठेवा, नाहीतर जुलैच्या झडीत वाफ्याचं डबकं होईल आणि मुळं कुजतील. फटीतून माती वाहू नये म्हणून आतून मूठभर खडी किंवा नारळाची सोडणं लावायची.

नारळाला तर मी किनार अशी करतो की आळं मोठं राहील. मोठ्या झाडाला खत-पाणी १.८ मीटर त्रिज्येच्या आळ्यात द्यायचं असतं. लोक बुंध्यापासून हातभर अंतरावर सुबक गोल करतात. दिसतो छान, झाडाला उपयोग शून्य.

आळेफाट्याचा_माळी

हे आंब्यालाही लागू. ताई, तुमच्या आंब्याच्या बुंध्याशी गोल करून आत माती भरू नका. बुंध्याच्या सालीला माती टेकली की साल कुजते. आणि झाड वाढेल तसा गोल बाहेर सरकवावा लागतो. इथे कोरड्या विटेला तोडच नाही. काढा, मोठा गोल आखा, परत लावा. मध्यभागी खुंटी, दोरीला फक्कीची पिशवी, बास.

वऱ्हाडी_गडी

भाऊ, आमच्या चंद्रपूर भागात लाल विटेपेक्षा राखेची वीट जास्त भेटते. औष्णिक केंद्राची राख जवळच. ती चालते का किनारीला? मापात तर एकदम चोख असते.

जुना_ओव्हरसियर

चालते, चांगल्या कारखान्याची असेल तर. मापात चोख असल्याने फटी कमी राहतात, हरळीच्या वैरिणीला आवडेल. पण बघून घ्या, नखाने कोपरा भुरभुरत असेल तर ती नीट पाणी मारून पिकवलेली नाही. किनारीची वीट कायम ओल्यात राहते, भिंतीतल्या विटेला गिलाव्याचं संरक्षण असतं, हिला नाही. म्हणून भिंतीला चालणारी वीट इथे चालेलच असं नाही. पांढरे हलके एएसी (सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक मात्र जमिनीत गाडू नका.

लाल विटेची परीक्षा: दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज हवा. नखाने ओरखडा उठता कामा नये. ३ फुटांवरून दुसऱ्या विटेवर टाकली तर तुटता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाची, पाण्याची. कोरडी वीट वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून परत वजन करा. सर्वसाधारण वर्गाच्या विटेला आयएस १०७७ या भारतीय मानकाप्रमाणे वजनात २० टक्क्यांच्या वर वाढ चालत नाही. म्हणजे ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या आत राहायला हवी. किनारीला मी १५ टक्क्यांच्या आतली शोधतो. पाण्याचा रंग गढूळ लाल झाला आणि कोपरे विरघळले तर ती वीट भट्टीच्या बाहेरच्या थरातली, कच्ची. याउलट आगीजवळची, जास्त भाजून काळपट, थोडी वाकडी झालेली वीट भट्टीवाला बाजूला टाकतो. बांधकामाला ती नको असते. जमिनीत गाडायला तिच्यासारखी नाही. मागा, स्वस्तात देईल.

वाड्यातली_वीट

जुन्या वाड्याच्या पडझडीतल्या विटा मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. चुन्यात बसवलेल्या असतात, चुना थापीने ठोकला की सुटतो. सिमेंटमधून काढलेल्या विटांच्या नादाला लागू नका, सिमेंट निघायच्या आधी वीट तुटते. मात्र वाड्याच्या आतल्या भिंतीतल्या विटा नरम असू शकतात, वरच्या परीक्षा त्यांनाही लावा. आणि लोणा लागलेल्या, पांढरी पूड आलेल्या विटा घेऊ नका. जमिनीचा ओलावा मिळाला की तो लोणा आणखी फुलतो आणि विटेचा पृष्ठभाग गळायला लागतो.

टेक्सासकर

इथे सॅन अँटोनियोला राहतो. हा धागा वाचून हसू आलं, कारण काळी माती माझ्या मागे इथवर आलीय. टेक्सासची "राज्य माती" म्हणजे ह्यूस्टन ब्लॅक, आपल्या रेगूरच्याच वर्गातली, व्हर्टिसॉल म्हणजे फुगणारी-आक्रसणारी चिकणमाती. इथे लोक कोरड्या उन्हाळ्यात घराच्या पायाशी झिरपणारी नळी टाकून पाणी देतात, जमीन एकसारखी ओली राहावी म्हणून. किनारीच्या बाबतीत काका म्हणतात तेच इथेही चालतं, बारीक खडीवर कोरडी वीट. उत्तरेकडे राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं, तिथे जमिनीतलं पाणी गोठून विटा वर ढकलतं. शिकागोकडे घराचा पाया त्यासाठी ४२ इंच खाली नेतात. तिथल्या कोणी धागा वाचत असेल तर त्यांनी तीव्र हवामानाला चालणारी वीट मागावी, साधी वीट एका हिवाळ्यात पापुद्रे सोडते.

स्वयंपाकघरातून_बागेत

कोणी विंचवाचं बोललं नाही! सैल विटेखाली विंचू हमखास. किनार दुरुस्त करताना वीट हाताने उचलू नका, आधी पहारीने कलंडवा. गोगलगाईंचंही तेच. त्या मोठ्या आफ्रिकन गोगलगाई दिवसा विटांच्या आडोशाला बसतात आणि रात्री झेंडू संपवतात. दरजा कचेने गच्च भरलेल्या ठेवल्या की दोघांनाही जागा मिळत नाही. मुंग्या कच उकरून बाहेर काढतात, ती झाडूने परत आत.

मेंढीकोट

पांडुरंगाची वीट कुठल्या भट्टीची होती तेवढं कळलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

जुना_ओव्हरसियर

मेंढीकोट, त्या विटेवर गाडी वळत नव्हती.

बागवेडी_संगमनेर

मंडळी, बरंचसं ठरलं. वाफ्यांना उभी, हिरवळीला आडवी पट्टी, वाटेला पातळीतली, आणि गाडी आत येते त्या वळणापुरता मामांना सिमेंटचा टेकू. मामा त्यावर खूश आहेत. भट्टीवाल्याने काळपट विटा द्यायचं कबूल केलंय.

आता काम कधी काढू? मामा म्हणतात उन्हाळ्यात काढू, मजूर मोकळे असतात.

जुना_ओव्हरसियर

काळ्या मातीत एप्रिल-मेमध्ये नको. तेव्हा जमीन पूर्ण आक्रसलेली असते. त्या पातळीवर चोख बसवलेली किनार जून-जुलैत जमीन फुगली की वर येणारच. भर पावसात तर चर टिकत नाही. दिवाळीनंतर, जमिनीत ओल असते पण चिखल नसतो, तेव्हा काढा. कुदळीला माती सहज सुटते आणि ढेकूळ हातात दाबलं तर फुटतं, चिकटत नाही, अशी वेळ. बहुतेक भट्ट्या पावसाळ्यात बंद असतात, ताजा माल पौष-माघात येतो. म्हणून विटा आधीच्या हंगामातल्या, पावसाळ्याआधी घेऊन ठेवा. एक पावसाळा उघड्यावर ठेवलेल्या विटांतल्या कच्च्या आपोआप उघड्या पडतात, त्या वेगळ्या काढता येतात.

हरळीची_वैरीण

आणि किनार आधी, हिरवळ नंतर. उलट केलंत तर नव्या गवतावर मुरूम सांडेल, मजूर ढीग टाकतील.

सेंटरिंगवाला

विटा बसवायच्या आधी ठिबकचा आणि बागेतल्या दिव्याच्या वायरचा विचार केलाय का? नंतर किनारीखालून पाइप ढकलणं कटकटीचं होतं. जिथून पाइप जाणार तिथे चरात, मुरमाच्याही खाली, २ इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा आडवा टाकून ठेवा, दोन्ही तोंडांना टोपण. पाण्याची आणि विजेची वाट वेगवेगळी, एकाच तुकड्यात दोन्ही नको. आणि हे तुकडे नेमके कुठे आहेत त्याची खूण म्हणून त्या जागी वरची एक वीट उलटी बसवा, भट्टीच्या शिक्क्याचा खळगा वर दिसेल अशी, म्हणजे उद्या दुसरा माणूस कामाला आला तरी त्याला शोधाशोध करावी लागणार नाही.

बागवेडी_संगमनेर

नव्हता केला! आंब्याकडे पाणी न्यायचंच आहे. पण उभ्या विटेत शिक्का वर कसा दिसेल?

सेंटरिंगवाला

बरोबर, तो खळगा आडव्या पट्टीतच दिसेल. उभ्या रांगेत त्या जागी एक काळपट वीट लावा, बाकीच्या लाल. किंवा तुम्ही सगळ्याच काळपट आणणार असाल तर एक लाल.